तीन डबे काळे, तीन लख्ख

१

परेशनं सहा डबे मेजावर ओळीनं मांडले आणि म्हणाला, "काका, तुम्हीच उघडा. मी हात लावला तर तोंडातून शिवी जाईल."

गोकुळदासनं बाह्या वर सारल्या. वय अडुसष्ट. डिचोलीच्या खाणीवर, प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं लोहखनिजाचे नमुने तपासण्यात घालवलेली. खाण बंद पडली आणि गडी घरी बसला. बसला कसला, घरभर फिरून डाळीतले खडे मोजायला लागला. बायको पद्मावती इतकी वैतागली होती, की काल परेशचा फोन आला तेव्हा तिनं स्वतः शर्टाला इस्त्री करून दिली. परेश म्हणजे जुन्या शेजाऱ्याचा मुलगा. पेडण्याला त्याचा छोटा कारखाना, इलेक्ट्रॉनिक संचांच्या जोडणीसाठी लागणाऱ्या पिना बनवायचा. त्यानं एवढंच म्हटलं होतं, "काका, तुमची नजर हवी." या वयात आपली नजर कोणाला तरी हवी आहे, या आनंदात गोकुळदासनं पहाटेची बस धरली होती.

डबे पत्र्याचे, गोल, बिस्किटांच्या डब्यांसारखे. पहिल्याचं झाकण काही केल्या निघेना. अंगठे लावले, डबा पोटाशी धरला, शेवटी खिशातली किल्ली कडेला घालून झटका दिला तेव्हा ते सुटलं. आत कागदी थाळ्यांत पाचशे पिना ओळीनं निजवलेल्या. चांदीच्या मुलाम्याच्या. आणि वरची सगळी ओळ मशेरी घासलेल्या दातांसारखी काळी.

"अरे देवा," गोकुळदास म्हणाला.

दुसरा डबा, तिसरा डबा. तसेच हट्टी, तसेच काळे. चौथ्याचं झाकण मात्र बोट लावताच उडालं, आणि आत पिना नुसत्या चमकत होत्या. पाचवा, सहावा तसेच लख्ख. त्यांत थाळ्या थोड्या वेड्यावाकड्या होत्या, एवढंच. गोकुळदासनं सगळी झाकणं एकावर एक रचून बाजूला ठेवली.

"वास्कोच्या गिऱ्हाइकानं परत पाठवले," परेश म्हणाला. "ट्रॉलरवरचे वायरलेस संच बनवतात ते. आजवर सोन्याच्या मुलाम्याच्या पिना घ्यायचे. सोनं परवडेना म्हणून आम्ही चांदी पुढे केली. म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत कारण सांगा, नाही तर ऑर्डर रद्द. आणि कारण मला ठाऊक आहे. ऋतिका! प्लेटिंगचं, म्हणजे मुलाम्याचं काम तिचं. मुलाम्यानंतर शेवटची एक डुबकी द्यावी लागते, चांदी काळी पडू नये म्हणून. तिनं ती अर्ध्या पिनांना दिलीच नाही. डबे मी कपाटात कुलूपबंद ठेवलेत, तिच्या दृष्टीससुद्धा पडू दिले नाहीत. उद्या तिला घरी पाठवणार."

गोकुळदास पुन्हा डब्यांवर वाकला. पहिल्या डब्यातली वरची एक, मधली एक आणि तळातली एक पीन उचलून त्यानं तळहातावर ठेवली. खाणीवर त्याचा साहेब म्हणायचा, ढिगाची वरची मूठ बघून जो खनिजाचा दर्जा सांगतो, तो एक तर गाढव नाही तर ठग.

वरची पीन काळी होती. मधली पिवळट तपकिरी. तळातली अगदी स्वच्छ.

"परेश," तो म्हणाला, "त्या पोरीनं पिना थाळीथाळीनं बुडवल्या काय?"

"नाही, सगळ्या एकत्र, पिंपात."

"मग हे काळं पिंपातून आलेलं नाही. हे वरून उतरलंय."

२

ऋतिका प्लेटिंगच्या खोलीत एकटीच बसली होती. सव्वीस वर्षांची, डिचोलीचीच. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"काका, मी डुबकी चुकवलेली नाही. तीन हजार पिना, एकच पिंप, एकच दिवस. वाळवून झाल्यावर पॅकिंगवाल्या मालतीबाईंच्या ताब्यात दिल्या. ही बघा, त्याच पिंपातली मूठभर." तिनं खिडकीतली काचेची वाटी पुढे केली. महिनाभर उघड्यावर पडलेल्या पिना अजून चकाकत होत्या.

"हे साहेबाला दाखवलंस?"

"ते ऐकतात कुठे? म्हणतात, या चांगल्या म्हणून तू मुद्दाम बाजूला काढल्यास."

"बरं, मला एक सांग. चांदीच का? जगात दुसरं काही नव्हतं?"

सुजलेल्या डोळ्यांत एकदम तेज आलं. तिला तिच्या कामाबद्दल विचारणारं बऱ्याच दिवसांत कोणी भेटलं नसावं. "कथील स्वस्त आहे, काका. पण ट्रॉलरचं इंजिन दिवसभर हादरतं, पीन जागच्या जागी घासत राहते, कथलाची भुकटी होते आणि जोड तुटतो. पॅलेडियम टिकतं, पण त्याचा भाव आपल्या हातातला नाही. चांदी सगळ्यांत चांगली वीज वाहते, सोन्याहूनही चांगली. तिला वैरी एकच, गंधक. हवेतल्या नेहमीच्या गंधकाला ती डुबकी पुरून उरते. पण बंद डब्यात कोणी गंधक कोंडला, तर कसली डुबकी नि काय!"

"म्हणजे डब्यात गंधक गेला."

"गेला नाही, काका. कोणी तरी घातला." तिनं वाटी पुन्हा जागेवर ठेवली. "ऑर्डर गेली तर प्लेटिंगची खोलीच बंद होईल. अकरा बायका आहेत इथे. आणि मी कामचोर ठरेन. कामचोरीचा शिक्का लागलेल्या मुलीला दुसरा कारखाना दारात उभं करत नाही."

गोकुळदासला खाण बंद झाली तो दिवस आठवला. त्या दिवशी त्याच्या बाजूनं बोलायला कोणी आलं नव्हतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चांदी नको, असं इथे कोणाला वाटत होतं?"

ऋतिका जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "निलेशना."

३

निलेश म्हणजे खरेदी आणि भांडार सांभाळणारा. नीट भांग, खिशात तीन पेनं.

"होय, मी विरोधात होतो," गोकुळदासनं चांदीचा नि गंधकाचा विषय काढताच तो म्हणाला. "लपवत नाही. सोनं म्हणजे सोनं. पातळ थर द्या, पण सोन्याचा द्या, असं माझं म्हणणं. उद्या समुद्रात संच बंद पडला तर मच्छीमारांच्या शिव्या कोण खाणार? पण म्हणून मी डब्यात गंधक घालीन? मला काय पिशाच्च लागलंय?"

"भांडाराची किल्ली तुझ्याकडेच ना?"

"माझ्याकडेच. डबे तीन आठवडे तिथेच होते. पत्र्याचं छप्पर, मे महिना, आत नुसती भट्टी. तिथे दोन मिनिटं उभं राहवत नाही, काका, कारस्थान काय रचणार?" तो हसला आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "तुम्ही त्या भिकाजीला का विचारत नाही? डबे वास्कोला त्यानं नेले. पेडण्याहून वास्कोला दोन तास. त्या दिवशी त्याला चार लागले. विचारलं तर म्हणतो, गाडी तापली. गाडी नवी कोरी आहे!"

"मधले दोन तास कुठे होता तो?"

"तेच तर," निलेश म्हणाला.

४

भिकाजी मूळचा बांद्याकडचा. पूर्वी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद झाल्यावर कोरगावला भाड्यानं राहिला. तो आणि मालतीबाई, नवराबायको दोघंही इथेच कामाला. गोकुळदासला बघून त्यानं आधी हात जोडले आणि प्रश्न ऐकताच मान खाली घातली.

"गाडी तापली होती, बाब."

"भिकाजी, आपण दोघांनी एकाच खाणीची लाल धूळ खाल्ली आहे. मला फशी पाडू नकोस."

भिकाजीनं गाडीचं मागचं दार उघडलं. आतून असा भपकारा आला, की गोकुळदास दोन पावलं मागे सरला.

"सुकी सुंगटां," भिकाजी ओशाळून म्हणाला. "मोरजेक गेललंय. थंय बरी गावतत, आनी सवाय. पुरुमेंत भरूक व्हया ना? दोन पोतीं घेतलंय. सायबाची गाडी, सायबाचा पेट्रोल. म्हणान गप रवलंय."

पावसाचे चार महिने पुरतील एवढे सुके मासे, मीठ, मिरच्या, कोकमाची सोलं घरात भरून ठेवायची, हा पुरुमेंत इकडच्या घरोघरी मे महिन्यात चालतो. त्यात गुन्हा कसला? पण गोकुळदासचं डोकं भराभर चालू लागलं. सुकी कोळंबी! तिच्या वासात गंधक असतोच. सापडलं! तो तरातरा परेशच्या केबिनकडे निघाला. अर्ध्या वाटेवर थबकला आणि त्यानं स्वतःच्याच कपाळावर चापट मारली.

"गाढवा! सहाही डबे त्याच गाडीतून गेले. त्याच सुंगटांशेजारी. मग तीन लख्ख कसे?"

पिंप एक, भांडार एक, गाडी एक. सहा डब्यांचं सगळं एकच. मग फरक होता कुठे? तो तिथेच पायरीवर टेकला. आणि त्याला आठवलं, की एक गोष्ट सहांची सारखी नव्हती. तीन झाकणांनी त्याचे अंगठे दुखवले होते, तीन बोटानं उडाली होती.

"गोकुळदासबाब, तुमी आजून जेवलास नाय?" मागून कोणी तरी विचारलं.

५

मालतीबाई होती. पन्नाशीची, हातात स्टीलचा डबा आणि एक काचेची बरणी.

"आमचे हे सांगी होते, तुमी ऋतिका बायच्या बाजूचे. म्हणान भाकरी हाडलंय. आनी ही सोलां, घराक व्हरा. पद्मावती वयनींका सांगा, माझ्या हातची."

गोकुळदासला खरोखर भूक लागली होती. भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यानं विचारलं, "डबे तूच भरलेस ना?"

"तीन मी. मग मी दोन दिवस रजेर होतंय, भयणीच्या चेडवाचा लगीन. रवलेले तीन निलेशबाबांनी भरले."

हे निलेश बोलला नव्हता. गोकुळदासनं कान टवकारले, पण तेवढ्यात मालतीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाब, त्या पोरीक वाचवा. मी हय नवीन होतंय तेव्हा माझ्या हातातलो ट्रे पडलो. हजार पिना जमनीर! माका वाटला, आता गेली नोकरी. ही ऋतिका बाय माझ्यावांगडा सांजपर्यंत जमनीर बसान एक एक पीन येचीत रवली. कोणाक एक शब्द सांगूक नाय. तेच्या नंतर तिच्या पिनांक मी माझ्या पोरांसारख्यो सांभाळतंय. ती म्हणाली, चांदयेक हवा लागता नये. मी म्हटलंय, बाय, तू काळजी करू नको. हवा कशी आडवची, ह्या माका शिकवक नको."

गोकुळदासनं घास गिळला आणि सहज म्हणून सोलांची बरणी उघडू गेला. झाकण हलेना. अंगठे दुखले. त्याच दोन अंगठ्यांना ते दुखणं ओळखीचं वाटलं.

"तुमच्यान उघडाचा नाय. हाडा हकडे." मालतीबाईनं पदर लावून एका हिसक्यात झाकण फिरवलं आणि अभिमानानं उलटं धरलं. आत, कडेला चपखल, एक जाडसर काळी रिंग बसवलेली होती. "आमच्या आवशीन शिकवलेला. गाडयेची जुनी ट्यूब कापून रिंग करूची. चार म्हयने पावस पडो, सोलांक वारो लागणा नाय."

गोकुळदासच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तो उठला, केबिनमध्ये गेला आणि सकाळी रचून ठेवलेली झाकणं एकेक करून उलटी केली.

तीन झाकणांत काही नव्हतं. तीन झाकणांच्या खोबणीत, नीट मापून कापलेली, काळी रिंग होती.

टायरट्यूबचं रबर कडक करायला त्यात गंधक घालतात, हे खाणीवरच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. उत्तर सापडलं होतं. पण त्याला आनंद काही झाला नाही. एका बाईला वाचवायचं तर दुसरीचं काळीज मोडायचं होतं, आणि तीच दुसरी आता बाहेर पायरीवर त्याची भाकरी झाकून ठेवत बसली होती.

६

नमुन्याशिवाय बोलायचं नाही, ही त्याची तेहतीस वर्षांची सवय. ऋतिकाच्या वाटीतल्या पिना त्यानं दोन बरण्यांत घातल्या. एका झाकणात ट्यूबची रिंग, दुसऱ्यात काही नाही. दोन्ही बरण्या पिना वाळवायच्या ओव्हनमध्ये, मंद आचेवर ठेवल्या आणि रात्री परेशच्याच घरी मुक्काम केला.

शुक्रवारी सकाळी केबिनमध्ये सगळे जमले. परेश, ऋतिका, निलेश, आणि दाराशी भिकाजी नि मालतीबाई. गोकुळदासनं दोन्ही बरण्या मेजावर ठेवल्या. एकीतल्या पिना लख्ख. दुसरीतल्या काळ्या.

"परेश, डुबकी चुकलेली नाही," तो म्हणाला. "या दोन्ही बरण्यांतली प्रत्येक पीन त्याच पिंपातली. डुबकीत खोट असती तर काळं कुठेही, कसंही पडलं असतं, असं वरून खाली उतरलं नसतं. गाडीत नाही, सहाही एकत्र गेले. भांडारात नाही, सहाही एकत्र होते. फरक फक्त झाकणाचा. तीन डब्यांच्या झाकणांत ट्यूबची रिंग आहे. रबरातला गंधक मे महिन्याच्या उकाड्यात वाफाळला, बाहेर जायला वाट नाही, तो वरच्या पिनांवर बसला. झाकण जितकं घट्ट, तितकी चांदी काळी."

"कोणी लावली रिंग?" परेश उसळला. "निलेश, किल्ली तुझ्याकडे होती!"

"मी नाही लावली!" निलेशचा चेहरा पडला. "मी तीन डबे भरले, हे सांगितलं नाही, हे खरं. घाईनं भरले होते. कोंबलेच. म्हणून बोललो नाही."

"घाईनं भरले म्हणूनच ते लख्ख राहिले," गोकुळदास म्हणाला. "परेश, कोणी लावली ते विचारू नकोस. ज्या हातानं ती लावली त्यानं वैर म्हणून लावली नाही. एवढ्यावर भागव."

मग दाराशी हालचाल झाली. मालतीबाई पुढे आली. तिची नजर काळ्या पिनांवर होती.

"ती रिंग मी लावलंय," ती म्हणाली. "सायबानु, ऋतिका बायक काय बोलू नकात. माका घालवा." आणि ऋतिकाकडे वळून, "बाय, माका वाटला, तुझा बरा करतंय. माझ्याच हातान तुझ्या तोंडाक काळा लागला गो..."

ऋतिका उठली आणि तिनं मालतीबाईला घट्ट मिठी मारली.

"गप राहा, मालतीबाई. चूक माझी. हवा लागू देऊ नका, एवढंच मी सांगितलं. का, ते सांगितलं नाही. गंधकाचं नाव एकदा जरी काढलं असतं, तर तुम्ही रबराला जवळ उभं केलं असतंत?"

परेशनं काळ्या पिनांची बरणी बाजूला सारली. मग खुर्चीतून उठला. "ऋतिका, मी तुझ्यावर नको तो आळ घेतला. मला माफ कर." तो शब्द त्याला जड गेला, पण त्यानं तो सगळ्यांसमोर उच्चारला, आणि गोकुळदासला त्याच्याबद्दल मनापासून बरं वाटलं.

"पण पिना तर गेल्या ना," निलेश पुटपुटला.

"गेल्या कशाला?" गोकुळदास हसला. "आमची पद्मावती देवाची चांदीची निरांजनं दर चतुर्थीला कशी उजळते? कढत पाणी, खायचा सोडा, तळाशी ॲल्युमिनियमचा कागद. चांदी झिजत नाही, नुसती काळोखी उतरते. काय गो ऋतिका, चालेल?"

"चालेल! मग परत डुबकी देते," ऋतिका म्हणाली. "मालतीबाई, चला, तुमच्या हातानंच करायचंय."

दुपारपर्यंत काळ्या पिना चांदण्यासारख्या झाल्या. डुबकी देऊन, वाळवून, मालतीबाईनं त्या पुन्हा भरल्या, या वेळी रिंगेशिवाय. दर थाळीमागे ती ऋतिकाला विचारत होती, "ह्या कित्याक? नि ह्या कित्याक?" आणि ऋतिका एकूण एक कारण सांगत होती. चार वाजता सहाही डबे आणि गोकुळदासनं लिहिलेलं कारण घेऊन भिकाजीची गाडी निघाली. मोरजीला न थांबता दोन तासांत वास्कोला पोचली.

बुधवारी उत्तर आलं. परेशनं गोकुळदासला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाला, "काका, हे तुमच्या समोरच वाचायला हवं."

ऋतिकानं पत्र मोठ्यानं वाचलं. चांदीचा मुलामा मंजूर. ऑर्डर कायम. पुढे एक तक्रार होती, लख्ख राहिलेल्या तीन डब्यांत एकसष्ट पिना वाकलेल्या निघाल्या. निलेशनं खिशातली पेनं उगाचच सारखी केली. आणि शेवटी एक विनंती. काळ्या पडलेल्या तीन डब्यांतल्या पंधराशे पिनांत एकही वाकडी नव्हती, एकीवरही चरा नव्हता. तेव्हा यापुढे आमचे सगळे डबे, ते तीन डबे ज्यांनी भरले त्यांनीच भरावेत.

मालतीबाई दाराला टेकून उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले.

"परत वाच गो बाय," ती म्हणाली.

ऋतिकानं परत वाचलं. निलेश पुढे येऊन म्हणाला, "मालतीबाई, मला शिकवाल काय भरायला?" आणि ती रडता रडता हसली.

गोकुळदास निघाला तेव्हा ती धावत फाटकापर्यंत आली आणि हात जोडून म्हणाली, "देव बरें करूं, बाब."

"तुझंही बरं करो," तो म्हणाला. त्याला अजून पुष्कळ बोलायचं होतं. या वयात तुम्ही मला बोलावलंत, भाकरी घातलीत, माझ्या नजरेवर भरवसा ठेवलात, हे सगळं. पण तेवढ्यात बस आली.

घरी पद्मावती सोलांच्या बरणीशी झटत बसली होती. "अहो, हे काही उघडत नाही. कसलं झाकण लावलंय त्या बाईनं!"

"आण इकडे," गोकुळदास म्हणाला. पद्मावतीचा पदर ओढून त्यानं झाकणाला लावला आणि एका हिसक्यात बरणी उघडली. सोलं आत जशीच्या तशी, मऊ आणि लालबुंद होती.